अळणी समुद्राकाठी चार दिवस

पहिला दिवस

नव्या बंदरावर गेला की दादा आधी पाण्यात बोट बुडवून चाखतो. चाळीस वर्षं मच्छीमारी केलेल्या माणसाची ही सवय. स्टॉकहोमला स्लुसेनच्या धक्क्यावर खाली उतरायला पायऱ्या सापडल्या, तिथे त्याने तेच केलं आणि वळून म्हणाला, "खारट नाय गो."

माझी भाची, म्हणजे दादाची लेक, इथेच नोकरी करते. मी आणि दादा मालवणहून तिच्याकडे आलो होतो, मे महिन्याच्या शेवटी. तिने सांगितलं की समोरच्या पाण्याचं नावच 'साल्टशॉन', म्हणजे खारं सरोवर. मागे मेलारेन हे गोड्या पाण्याचं तळं आणि पुढे बाल्टिक समुद्र, आणि या दोहोंच्या मधल्या बेटांवर शहर वसलंय. नद्यांचं पाणी सतत येऊन मिळतं आणि बाहेरच्या महासागराशी वाट अरुंद, म्हणून बाल्टिक मुळातच अळणी. दादाने मान डोलावली. या अळणीपणाचं महत्त्व दुसऱ्या दिवशी कळायचं होतं.

सकाळ गामला स्तानमध्ये, म्हणजे जुन्या गावात गेली. इथे नकाशा बाजूला ठेवून चालावं. बेट लहान आहे, कुठूनही पाण्यापाशीच पोचता. मोर्टेन त्रोत्सिग्स ग्रेंड नावाची बोळ तर सर्वांत अरुंद ठिकाणी अवघी 90 सेंटिमीटर आहे. समोरून माणूस आला की एकाने भिंतीला चिकटून उभं राहायचं.

मधला चौक स्टूरटॉरिएट. रंगीत घरांची रांग, फोटो काढणाऱ्यांची गर्दी. पण मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला, त्यामुळे मला त्या दगडांवर 1520 चा नोव्हेंबर दिसत होता. डेन्मार्कचा राजा दुसरा क्रिस्तियान याने स्टॉकहोम जिंकलं, माफीचं वचन दिलं, राज्याभिषेकाची मेजवानी दिली आणि मग दरवाजे बंद करून पाहुण्यांना धरलं. दोन दिवसांत या चौकात ऐंशीहून अधिक सरदार, धर्मगुरू आणि नगरजन मारले गेले. त्यांत एरिक योहानसन नावाचा एक सरदार होता. त्याचा तरुण मुलगा गुस्ताव वासा हाती लागला नाही. त्याने लोक गोळा करून बंड केलं आणि 6 जून 1523 रोजी तो स्वीडनचा राजा निवडला गेला. तो दिवस आज त्यांचा राष्ट्रीय दिन आहे. चौकातल्या तांबड्या घराच्या दर्शनी भिंतीत पांढरे दगड आहेत. प्रत्येक दगड म्हणजे एक मारला गेलेला माणूस, असं सांगतात. पण घराचं हे रूप सतराव्या शतकातलं, त्यामुळे ही दंतकथाच. तरी लोकांना ती सांगाविशी वाटते, यातच काय ते आलं.

पलीकडेच स्टूरशिर्कान हे जुनं मोठं चर्च. आत सेंट जॉर्ज आणि ड्रॅगनचं लाकडी शिल्प आहे, 1489 मधलं, बेर्न्ट नोट्के या कारागिराच्या नावे ओळखलं जाणारं. ड्रॅगनच्या अंगावरचे काटे खऱ्या एल्कच्या, म्हणजे उत्तरेकडच्या मोठ्या हरणाच्या, शिंगांचे आहेत. जवळ जाऊन पाहिलं की शिंगांच्या नैसर्गिक रेघाही दिसतात. डेन्मार्कवर 1471 मध्ये मिळवलेल्या विजयाची ही आठवण. त्याच चर्चमध्ये एका भिंतीवर शहराचं जुनं चित्र आहे: 20 एप्रिल 1535 रोजी आकाशात सूर्याभोवती कडी आणि खोटे सूर्य दिसले, ते टिपणारं. मूळ चित्र गेलं, समोर आहे ती 1636 मधली नक्कल. पण चारशे-पाचशे वर्षांपूर्वीचं स्टॉकहोम केवढंसं होतं ते त्यात दिसतं. तटबंदी, थोडी घरं, आणि सगळीकडे पाणी.

दुपारी राजवाड्याच्या तळघरातलं शस्त्रागार, लिव्रुस्टकामरेन. हे स्वीडनचं सर्वांत जुनं संग्रहालय. दुसऱ्या गुस्ताव आडॉल्फ राजाने 1628 मध्ये लढाईत घातलेले आपले कपडे जपून ठेवायला सांगितले, तिथून सुरुवात झाली. तोच राजा 1632 मध्ये ल्यूत्सेनच्या लढाईत पडला. त्याचा घोडा स्ट्राइफ भुसा भरून उभा आहे आणि राजाचे रक्ताचे डाग पडलेले सदरे काचेआड आहेत. त्याचा एल्कच्या चामड्याचा कोट शत्रूने व्हिएन्नाला नेला होता. पहिल्या महायुद्धानंतर स्वीडिश रेडक्रॉसने ऑस्ट्रियाला मदत केली, तेव्हा 1920 मध्ये ऑस्ट्रियाने कृतज्ञता म्हणून तो परत दिला. मी त्या कोटासमोर बराच वेळ उभी राहिले. लुटलेली वस्तू जवळजवळ तीनशे वर्षांनी घरी येते, तीही आभार म्हणून.

वरचा राजवाडा आम्ही पाहिला नाही. सहाशेहून जास्त खोल्या आहेत आणि दादाचे गुडघे दुखत होते. संध्याकाळी स्लुसेनजवळच्या गाडीवर स्ट्रेमिंग खाल्ली. ही बाल्टिकमधली छोटी हेरिंग, आपल्या तारल्यांची चुलत बहीण म्हणा. राय या धान्याच्या पिठात घोळवून, लोण्यात तळून, रायच्याच काळसर पावावर कांद्यासकट देतात. दादाने दोन खाल्ल्या. रात्री साडेनऊलाही लख्ख उजेड होता.

दुसरा दिवस

आजचा सगळा दिवस वासा या बुडालेल्या जुन्या जहाजाच्या संग्रहालयाला दिला. माझं सांगणं ऐकाल तर तुम्हीही द्या. तासाभरात उरकायची ही जागा नाही. सकाळी उघडतानाच पोचा, दुपारी गर्दी फार होते.

दार ढकलून आत गेलो आणि डोळे अंधाराला सरावेपर्यंत काहीच कळलं नाही. लाकूड आणि रंगांचे कण जपायचे म्हणून उजेड मंद ठेवलाय. मग समोर काळंभोर काहीतरी वर वर जात राहिलं. 69 मीटर लांब, डोलकाठीच्या टोकापर्यंत 52 मीटर उंच. अख्खं लाकडी जहाज, सतराव्या शतकातलं, आणि बहुतेक सगळं लाकूड मूळचं. दादाने टोपी काढून हातात घेतली.

वासाची गोष्ट थोडक्यात अशी. पोलंडशी लढाई चालू होती. दुसऱ्या गुस्ताव आडॉल्फ राजाला मोठं, दोन मजले तोफा लावलेलं जहाज हवं होतं, आणि लवकर हवं होतं. हेन्रिक हीबर्टसन या डच जहाजबांधणाऱ्याने काम घेतलं. सुमारे हजार ओक झाडं लागली. काम पुरं होण्याआधी 1627 मध्ये तो वारला. 1628 च्या उन्हाळ्यात जहाज धक्क्याला उभं असताना एक चाचणी झाली. तीस खलाशांनी एका काठाकडून दुसऱ्या काठाकडे एकदम धावायचं. तिसऱ्या फेरीला जहाज इतकं कललं की नौदलाचा अधिकारी फ्लेमिंग याने चाचणी थांबवायला लावली. कारण आणखी धावले असते तर ते धक्क्यालाच बुडालं असतं. राजा दूर प्रशियात होता आणि तिथून घाईची पत्रं पाठवत होता. त्याला नाही म्हणायला कोणी धजलं नाही.

10 ऑगस्ट 1628. रविवार, हलका वारा. काठावर सारं शहर जमलेलं. दहांपैकी चार शिडं उभारली. एक झोत आला, जहाज कललं, सावरलं. दुसरा आला तेव्हा सावरलं नाही. सलामी देण्यासाठी तोफांच्या खिडक्या उघड्या होत्या, त्यांतून पाणी आत शिरलं. जेमतेम 1300 मीटर अंतर कापून वासा 32 मीटर खोल पाण्यात गेलं. जहाजावर दीडशेच्या आसपास माणसं होती, बायकामुलंही होती, कारण पहिल्या टप्प्यापुरतं घरच्यांना बरोबर न्यायची मुभा होती. साधारण तीस जण गेले.

दादाने जहाजाला खालून वरपर्यंत दोन फेऱ्या मारल्या. त्या उभ्या छेदाच्या प्रतिकृतीपाशी तो थांबला, जिथे पोटातले मजले दिसतात. तळाला दगडांचं नीरम, म्हणजे जहाज स्थिर राहावं म्हणून भरलेला भार, सुमारे 120 टन. त्यावर तोफांचे दोन मजले, 64 तोफा, आणि वरच्या मजल्यावरच्याही खालच्याइतक्याच जड. त्यावर सोनेरी नक्षीचा उंच मागचा भाग. दादाने बोट दाखवलं. "तळ हलको, माथो जड. ह्या उलाटतलाच." मी विचारलं, मग नीरम वाढवायचं होतं. तो म्हणाला, "जागा खंय हा? आणखी घातलंस तर तोफांची भोकां पाण्यात." तज्ज्ञांनी काढलेलं अनुमान पुढच्या फलकावर हेच होतं. आमच्या आजोबांचा मचवा होता. ते तांडेल होते. मुंबईला माल उतरवून रिकामं परतताना ते तळात दगड आणि वाळू भरून घेत, हे दादाने लहानपणी पाहिलेलं.

एका काचेच्या पेटीत चार मोजपट्ट्या ठेवल्यात. जहाजावर सापडलेल्या. दोन स्वीडिश फुटांच्या, दोन अ‍ॅमस्टरडॅमच्या. स्वीडिश फुटात बारा इंच, अ‍ॅमस्टरडॅमच्या फुटात अकरा. स्वीडिश आणि डच सुतार एकाच जहाजावर आपापल्या पट्टीने मापं घेत होते. जहाजाचे दोन्ही काठ सारखे नाहीत, ते त्यामुळेही असेल. पट्ट्या हातभरही नाहीत, पण मला सगळ्या तोफांपेक्षा त्याच जास्त लक्षात राहिल्या.

चौकशी झाली. कप्तान म्हणाला, तोफा नीट बांधल्या होत्या, कोणी दारू प्यायलेलं नव्हतं. जहाज बांधणारे म्हणाले, मापं राजाने मंजूर केली होती. मग चूक कोणाची, यावर देवालाच ठाऊक, असं उत्तर एकाने दिल्याची नोंद आहे. कोणालाही शिक्षा झाली नाही.

पुढचा भाग वाचताना मला आपल्या किनाऱ्याची आठवण झाली. 1664 मध्ये ट्रायलेबेन नावाच्या माणसाच्या पाणबुड्यांनी तोफा काढायला सुरुवात केली. पाणबुड्या शिशाच्या घंटेखाली उभा राहायचा, घंटेत कोंडलेल्या हवेवर श्वास घ्यायचा आणि त्या गारठलेल्या काळोखात आकडीने तोफा सैल करायचा. प्रत्येक तोफ टनापेक्षा जड. अशा पन्नासहून अधिक तोफा त्यांनी वर काढल्या. आणि त्याच 1664 मध्ये आमच्या मालवणसमोर कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी सिंधुदुर्गाचा पाया घातला. वर्गात मी हे साल शेकडो वेळा फळ्यावर लिहिलंय. त्याच वर्षी जगाच्या दुसऱ्या टोकाला माणसं घंटेखाली उभी होती, हे मला ठाऊक नव्हतं.

मग तीन शतकं विस्मरणाची. 1956 मध्ये अँडर्स फ्रान्सेन याने वासा शोधून काढलं. जुने कागद वाचून, होडीतून दोरीला बांधलेलं हत्यार तळाशी सोडून तो लाकडाचे नमुने काढायचा. एक दिवस काळा ओक वर आला. पाणबुड्यांनी जहाजाखाली चिखलातून सहा बोगदे खोदले, त्यांतून दोर ओवले, आणि 24 एप्रिल 1961 रोजी वासा पाण्याबाहेर आलं. 333 वर्षांनी.

इथे दादाच्या अळणी पाण्याचा उलगडा झाला. लाकूड पोखरणारा एक समुद्री किडा असतो. आपल्या खाऱ्या पाण्यात तो होडीची चाळण करतो. म्हणूनच होड्या किनाऱ्यावर ओढून, बूड खरवडून तेल पाजावं लागतं. बाल्टिकच्या या भागात मीठ कमी, म्हणून हा किडा जगतच नाही. आपल्या समुद्रात वासा बुडालं असतं तर काही वर्षांत त्याचं नाव उरलं नसतं.

पण वर काढल्यावरही काम संपलं नाही. ओलं लाकूड वाळलं असतं तर तडकलं असतं. म्हणून सतरा वर्षं त्यावर पॉलिएथिलिन ग्लायकॉल या रसायनाचे फवारे मारले, पाण्याच्या जागी ते लाकडात मुरावं म्हणून. पुढे 2000 च्या सुमारास लाकडावर पांढरे-पिवळे क्षार फुटलेले दिसले. बंदराच्या घाण पाण्यातलं गंधक लाकडात साठलं होतं, गंजलेल्या लोखंडी बोल्टांच्या संगतीने त्याचं आम्ल होत होतं. मग पाच हजारांहून अधिक बोल्ट बदलून विशेष पोलादाचे बसवले. आजही हवेतला ओलावा काट्यावर तोलून ठेवतात आणि जहाज किती खचतंय ते मोजत राहतात.

सांगाड्यांच्या दालनात मी शांत झाले. चेहरे पुन्हा घडवून ठेवलेत, खलाशांचे, थकलेले, साधे. यांतला एक सांगाडा अनेक वर्षं पुरुष मानला जायचा. 2023 मध्ये डीएनए तपासणीतून ती बाई असल्याचं सिद्ध झालं. कोण होती, कोणाबरोबर आली होती, हे आता कळायचं नाही. पण बाई होती एवढं तरी तिला परत मिळालं.

बाहेर बाकावर बसलो तेव्हा दादा म्हणाला, आजोबांचा मचवा शेवटी सरपणाला गेला. मला ते आठवत होतं. पठाण, म्हणजे तळाचं मुख्य लाकूड, तेवढं पुष्कळ दिवस वाळूत पडून होतं, आम्ही त्यावर बसून खेळायचो. बुडालेलं जहाज, ज्याची राजालाही लाज वाटली असेल, ते या लोकांनी देवघरासारखं जपलंय. आपल्याकडे न बुडता पन्नास वर्षं चाललेले मचवे, फत्तेमाऱ्या कुठे आहेत? बांधणारे हात अजून थोडे शिल्लक आहेत. एखादी फत्तेमारी तरी मालवणात छपराखाली उभी राहावी, तिच्या बाजूला बांधणाऱ्या सुतारांची नावं असावीत, असं मला मनापासून वाटतं.

तिसरा दिवस

हिस्टोरिस्का म्युसेएट, इतिहास संग्रहालय. लोक इथे मुख्यतः तळघरातल्या सोन्याच्या दालनासाठी येतात, आणि ते आहेच पाहण्यासारखं. पाचव्या-सहाव्या शतकातले सोन्याचे तीन गळेपट्टे आहेत, नळ्या एकावर एक रचून केलेले. नळ्यांच्या मधे नखाएवढी माणसं आणि प्राणी बसवलेत. भाचीने फोनचा कॅमेरा मोठा करून दाखवला तेव्हा एकेकाचा चेहरा दिसला. आपल्या सोनारांनीही मान तुकवावी असं काम.

मी मात्र दुसऱ्याच वस्तूसाठी आले होते. आठ सेंटिमीटरच्या जरा वर उंची, कमळावर पद्मासनात बसलेला ब्राँझचा बुद्ध. मेलारेन तळ्यातल्या हेल्यो बेटावर उत्खननात सापडला. घडवला गेला सहाव्या शतकाच्या सुमारास, भारतीय उपखंडाच्या वायव्येला, बहुधा स्वात खोऱ्यात. त्याच बेटावर आयर्लंडच्या धर्मगुरूच्या दंडाची मूठ आणि इजिप्तमधली पळीही मिळाली. वायकिंगांच्या आधीपासून हे बेट कारागिरांचं आणि व्यापाऱ्यांचं होतं.

मी वाकून, डोळे काचेला टेकतील इतक्या जवळून पाहिलं. कपाळावर ऊर्णा, म्हणजे भुवयांमधला ठिपका, लांब कानाच्या पाळ्या, डाव्या खांद्यावरून गेलेल्या वस्त्राच्या चुण्या. सापडला तेव्हा त्याच्या गळ्याला चामड्याची पट्टी होती. कोणीतरी तो अंगावर किंवा भिंतीवर टांगत असावं. ज्याने टांगला त्याला बुद्ध कोण हे माहीत असायची शक्यता फार थोडी, पण चेहऱ्यावरची शांतता त्याला नक्की दिसली असेल. स्वातहून इथवर किती हातांतून, किती नद्यांतून आला असेल.

सापडला ते साल 1956. वासाही त्याच उन्हाळ्यात सापडलं. आणि त्याच वर्षी 14 ऑक्टोबरला नागपुरात बाबासाहेबांनी लाखो लोकांसह धम्मदीक्षा घेतली. माझ्या शाळेतल्या कितीतरी मुलांच्या घरी त्या दिवसाचा फोटो भिंतीवर असायचा. ज्या वर्षी बुद्ध आपल्याकडे घरोघर परतला, त्याच वर्षी इथल्या मातीतूनही तो वर आला. मी भाचीला हे सांगितलं. ती आठ वर्षं या शहरात राहते, पण हा बुद्ध तिने पहिल्यांदाच पाहिला.

संध्याकाळी स्टूरटॉरिएटवरच्या नोबेल पारितोषिक संग्रहालयात अर्धा-पाऊण तास काढला. अमर्त्य सेन यांनी दिलेली सायकल पाहिली. कॅफेतल्या खुर्च्या उलटून बघा, खाली नोबेल विजेत्यांच्या सह्या असतात. दादाने चार खुर्च्या उलटल्या.

चौथा दिवस

सकाळी स्टाड्सहुसेट, नगरभवन. राग्नार एस्टबेरी या वास्तुकाराचं काम, 1923 मध्ये खुलं झालं, गुस्ताव वासा शहरात आला त्याला 400 वर्षं झाली त्या निमित्ताने. सुमारे 80 लाख विटा. आत वाटाड्यासोबतच सोडतात, म्हणून वेळ आधी ठरवून जा. 10 डिसेंबरला नोबेलची मेजवानी होते तो निळा दिवाणखाना निळा नाहीच: भिंतींना निळा गिलावा द्यायचा बेत होता, पण विटांचा तांबडा रंग एस्टबेरीला आवडला आणि त्याने तो तसाच ठेवला. वरच्या सोनेरी दालनात 1 कोटी 80 लाखांहून अधिक मोझेकचे तुकडे आहेत. माझे डोळे दिपले, पण मन तिथे रमलं नाही.

रमलं ते स्कान्सेनमध्ये. आर्टुर हासेलियुस याने 1891 मध्ये उघडलेलं, जगातल्या अगदी पहिल्या खुल्या संग्रहालयांपैकी एक. कारखान्यांच्या लाटेत गावचं जगणं वाहून जाईल ही धास्ती घेऊन त्याने देशभरातून शेतकऱ्यांची घरं उचलून आणली, लाकूड लाकूड सुटं करून, आकडे घालून, पुन्हा जोडून. पुढे चर्चसुद्धा आणलं गेलं. सेग्लोराचं ते चर्च 1730 च्या सुमाराचं आहे.

एका घरात जुन्या पेहरावातली बाई पातळ भाकरी भाजत होती. पीठ खाचा पाडलेल्या लाटण्याने लाटलं, लांब चपट्या काठीवर अलगद उचललं आणि भट्टीच्या तापल्या दगडावर पसरलं. उलटली तीही काठीनेच, मनगटाच्या एका वळणाने. मी तिच्या मनगटाकडेच बघत होते. तिला ते कळलं असावं, कारण पुढची भाकरी तिने माझ्या हातात काठी देऊन उलटायला लावली. जमली. लोणी लावून गरम गरम हातात दिली, आम्ही तिघांनी वाटून खाल्ली.

परतताना ट्राम सोडून बोट पकडली. यूरगॉर्डेनहून स्लुसेनला जाणारी ही बोट शहराच्या बस-मेट्रोच्या तिकिटावरच चालते, वेगळा खर्च नाही. डावीकडे बेकहोल्मेन बेट लागतं. त्याच्यासमोरच वासा बुडालं. दादा पुढे नाळेशी जाऊन उभा राहिला. एका बाजूला सॉडरमाल्मचे उंच कडे, समोर जुन्या गावचे मनोरे. ज्या वाटेने वासा गेलं तीच वाट आम्ही उलटी कापत होतो. मध्येच कड्यांमधल्या फटीतून वाऱ्याची एक झुळूक आली आणि पाण्यावर काळसर चट्टा धावत आमच्याकडे सरकला.

दादाने हात वर करून तो कडा दाखवला.

"वारो थयसून इलो आसतलो."